कापलेली मजुरी कोणाची?



"फादर, मालकाने पगारातून पैसे कापले तर ते पाप आहे का?" असा प्रश्न आपल्या धर्मग्रामात अधूनमधून कोणी ना कोणी विचारतो. विचारणारा कधी दुकानात कामाला असतो, कधी सालगडी असतो, तर कधी कोयता घेऊन पाच महिने कारखान्याच्या फडात राहून परतलेला असतो. हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनेही येतो. "मी माणूस ठेवला, त्याने माझे नुकसान केले, मी ते कापून घेतले. माझे काय चुकले?" दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. म्हणून "मालक वाईट, मजूर चांगला" किंवा "मजूर कामचुकार, मालक बिचारा" असे सोपे उत्तर देऊन चालणार नाही. आज आपण या प्रश्नाचा थोडा नीट विचार करू.

मजुरी कोणाच्या मालकीची?

सर्व वाद एका मुद्द्यापाशी येऊन थांबतो. काम झाले आहे, पैसे अजून दिलेले नाहीत. या मधल्या वेळेत ते पैसे कोणाचे?

मालकाच्या खिशात आहेत म्हणून ते मालकाचे, असे आपल्याला सहज वाटते. मजूरही तसेच समजतो, म्हणून तो हात जोडून पैसे मागतो आणि मिळाले तर उपकार मानतो. पवित्र शास्त्र मात्र असे मानत नाही. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे (अनुवाद २४:१४-१५). मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नये, असे लेवीय ग्रंथ सांगतो (१९:१३), आणि तेही जुलूम व लुबाडणूक यांच्या मनाईबरोबर एकाच वचनात सांगतो. रात्रभर पैसे ठेवून घेण्यात लुबाडणूक कसली? ती तेव्हाच होते, जेव्हा काम संपताक्षणी मजुरी मजुराची झालेली असते. त्यानंतर मालकाच्या हातात असतो तो दुसऱ्याचा पैसा. मालक त्याचा फक्त राखणदार असतो.

संत थॉमस अक्विनास यांनी हेच तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडले आहे. वस्तू घेतल्यावर तिची योग्य किंमत देणे ही जशी न्यायाची कृती आहे, तशीच केलेल्या कामाची मजुरी देणे ही न्यायाची कृती आहे, दयेची नव्हे. आणि दुसऱ्याला देणे असलेली गोष्ट अडवून ठेवणे हे त्याची वस्तू उचलून नेण्याइतकेच अन्यायाचे आहे. हे एकदा मान्य केले की आपल्या प्रश्नाचे रूप बदलते. "मी माझ्या पैशातून किती द्यावे?" असा तो राहत नाही. "दुसऱ्याच्या पैशातून मी काही काढून घेतो आहे, तर तसा अधिकार मला कोठून मिळाला?" असा तो होतो.

असा अधिकार कधीच नसतो असे नाही. पण तो प्रत्येक वेळी दाखवावा लागतो. कपातीची चार कारणे सर्वसाधारणपणे सांगितली जातात. ती एकेक करून पाहू.

खाडा

पहिले कारण गैरहजेरी. आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला ठरते आणि पाडव्याला संपते. हिशेबाला बसताना किती खाडे झाले ते मोजतात. यात मुळात अन्याय नाही. जे काम झालेच नाही, त्याची मजुरी मजुराची झालेली नाही. समजा, साल एक लाख वीस हजारांचे ठरले. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर दिवसाचे सुमारे ३२९ रुपये होतात. एका खाड्याला ३२९ रुपये कमी दिले तर हिशेब बरोबर आहे. पाचशे कापले, तर ३२९ रुपये गैरहजेरीचे आणि वरचे १७१ रुपये दंडाचे झाले. त्या १७१ रुपयांसाठी मालकाने वेगळे कारण द्यायला हवे. "तशी रीतच आहे" हे कारण होऊ शकत नाही.

ऊसतोडीच्या खाड्याचा विचार करा. आपल्या लोहा, कंधार, मुखेड भागातून दर दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी लागते. दोघांपैकी एक जण आजारी पडला तर त्या दिवशी ऊस कमी तुटतो, म्हणजे मजुरी आपोआपच कमी होते. गैरहजेरीचा हिशेब तेथेच पुरा झाला. तरीही पुष्कळ टोळ्यांत त्यावर वेगळा खाडा लावतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातून जी माहिती बाहेर आली, तीत हा खाडा दिवसाला पाचशे रुपये असल्याचे मजूर बायकांनी सांगितले होते. एकाच दिवसासाठी दोनदा कापणे म्हणजे काय, हे समजायला मोठे गणित लागत नाही.

याचा शेवट कोठे होतो तेही त्याच वर्षी महाराष्ट्राने पाहिले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक होती: कमी वयातील लग्ने, फडावर पाणी आणि आडोसा नसणे, काही डॉक्टरांचा लोभ. पण पाळीच्या दिवसांत, दुखण्यात खाडा पडू नये ही धास्तीही त्यांत होती. वहीतला एक आकडा माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचतो तो असा. मजुरी हा "फक्त पैशाचा" प्रश्न आहे असे कोणी म्हणाले तर त्याला ही गोष्ट सांगावी.

उचल

दुसरे कारण दिलेल्या उचलीची फेड. येथे आपण मजुरांनीही स्वतःकडे पाहिले पाहिजे. घेतलेले पैसे फेडणे हे कर्तव्य आहे. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडेच निघून जाणे ही फसवणूक आहे, आणि गरिबीमुळे तिचे पुण्य होत नाही. अशा प्रकारांत शेत विकावे लागलेले मुकादमही आपल्या भागात आहेत. तेही बहुतेक आपल्यासारख्याच घरांतले, कधी काळी कोयता धरलेले. सातवी आज्ञा दोघांनाही एकच आहे.

पण कर्ज आहे म्हणून वसुलीला मर्यादा नाही असे होत नाही. अनुवाद ग्रंथाच्या त्याच चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे की जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्ताला परत द्यावे, म्हणजे तो त्यात झोपेल. गहाण आणायला सावकाराने घरात घुसू नये, बाहेर उभे राहावे. देवाने कर्ज नाकारले नाही, पण कर्जदाराची भाकरी, झोप आणि अब्रू वसुलीबाहेर ठेवली. ज्या वसुलीमुळे मजुराच्या हातात खायलाही काही उरत नाही, ती वसुली या आज्ञेत बसत नाही.

दुसरी मर्यादा माणसाची. उचल पैशाची असते, माणसाची नव्हे. "फिटेपर्यंत हलायचे नाही", "पोरगा येथेच ठेव", "बायको पुढच्या सालीही आली पाहिजे" असे म्हणणे म्हणजे कर्जाच्या बदल्यात माणूस ताब्यात घेणे. आपल्या देशात १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने हे बंद केले आहे. एवढेच नव्हे, अशा वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीही त्या कायद्याने रद्द केली.

तिसरी गोष्ट वहीची. उचल किती, फिटली किती, बाकी किती, हे एकट्या मुकादमाच्या किंवा मालकाच्या वहीत असेल तर त्याला हिशेब म्हणता येत नाही. हिशेब दोघांना दिसला पाहिजे. आपल्या तरुण मुला-मुलींना माझी विनंती आहे. तुम्ही शिकलेले आहात. टोळी निघण्यापूर्वी आपल्या आई-वडिलांसाठी, शेजाऱ्यांसाठी एक साधी वही घालून द्या. घेतलेली रक्कम, तारीख, टनांचा आकडा आणि खाडे त्यात लिहायला शिकवा.

नुकसान

तिसरे कारण नुकसानीचे. दुकानाच्या गल्ल्यात कमी आले तर नोकराच्या पगारातून, पंपावर कोणी पैसे न देता गाडी पळवली तर पोराच्या पगारातून, बैल दगावला तर सालगड्याच्या सालातून. हे आपण रोज ऐकतो. याविषयी पवित्र शास्त्रात एक फार बोलकी गोष्ट आहे.

याकोबाने आपला मामा व सासरा लाबान याच्याकडे वीस वर्षे चाकरी केली. निघताना त्याने मनातले सगळे सांगितले (उत्पत्ती ३१). दिवसा ऊन, रात्री थंडी, झोप नाही. लाबानाने दहा वेळा त्याची मजुरी बदलली. आणि हिंस्र पशूंनी मेंढरू फाडले तर त्याचे नुकसान याकोबानेच सोसले. दिवसा चोरीला गेलेले असो की रात्री, लाबान ते याकोबाकडूनच भरून घेत असे. पुढे निर्गमाच्या ग्रंथात आलेला नियम मात्र वेगळा आहे. राखायला दिलेले जनावर पशूने फाडले असेल, तर राखणदाराने त्याचा पुरावा आणून दाखवावा. त्याची भरपाई त्याला द्यावी लागणार नाही (निर्गम २२:१३). याकोबाने जे सोसले ते त्याच्या वंशजांना सोसावे लागू नये, असाच हा नियम आहे.

यातून एक तत्त्व निघते. धंद्यात धोका असतोच. चोर येतो, पाऊस पडतो, जनावर मरते, गिऱ्हाईक बुडवते. नफा झाला की तो मालकाचा, कारण धोका मालकाने पत्करला आहे, असे आपण म्हणतो. मग तोटा झाला की तो नोकराचा कसा? नोकराने मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने नुकसान केले असेल तर त्याने भरून द्यावे, हे न्यायाचे आहे. पण ते आधी दाखवावे लागेल आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल. केवळ तो त्या वेळी तेथे उभा होता म्हणून त्याच्याकडून भरून घेणे ही लाबानाची रीत झाली.

दंड

चौथे कारण शिक्षेचे. उशिरा आला, उलट बोलला, फोनवर बोलत बसला, कापा शंभर रुपये. येथे अडचण अशी की तक्रार करणारा, निकाल देणारा आणि दंडाची रक्कम खिशात घालणारा एकच माणूस असतो. स्वतःच्या वादात कोणी स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे फार जुने तत्त्व आहे. मालक कितीही सज्जन असला तरी दंडातून त्यालाच पैसा मिळत असेल, तर त्याच्या निकालावर विश्वास ठेवणे कठीण आहे. म्हणून कामाच्या ठिकाणी शिस्त असावी, पण दंड मालकाच्या लाभाचा नसावा.

"त्याने कबूल केले होते"

या सर्वांवर एक उत्तर हमखास येते. "जबरदस्ती कोठे होती? त्याने अंगठा दिला होता." करार हा पवित्र असतो, यात शंका नाही. पण १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले, त्यात याचे उत्तर आहे. दुसरा इलाज नाही म्हणून, किंवा याहून वाईट होईल या भीतीने मजुराने कठोर अटी मान्य केल्या असतील, तर त्याच्यावर बळजबरी आणि अन्यायच झाला आहे, असे त्यांनी शिकवले. घरी धान्य नाही, मुलीचे लग्न उसनवारीवर झाले, पावसाने दगा दिला, अशा वेळी दिलेला अंगठा मोकळ्या मनाचा असतो का? कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथही (परिच्छेद २४३४) सांगतो की दोघांची संमती एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही.

८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले. दोनच दिवसांनी कार्डिनलांना त्यांनी सांगितले की हे नाव निवडण्यामागे मुख्यतः लिओ तेरावे आणि त्यांचे हेच परिपत्रक होते. श्रमाचा प्रश्न ख्रिस्तसभेने जुना म्हणून कपाटात ठेवलेला नाही.

कायदा काय सांगतो?

१९३६ च्या वेतन प्रदान कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातील काही गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

कायद्यात सांगितलेल्या कारणांशिवाय कोणतीही कपात करता येत नाही. सर्व कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांहून जास्त होता कामा नयेत. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच असावी. नुकसानीची कपात करण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. दंड त्या वेतनकाळातील वेतनाच्या ३ टक्क्यांहून जास्त असू नये, तो हप्त्याने किंवा ९० दिवसांनंतर वसूल करू नये आणि त्याची रक्कम कामगारांच्या हितासाठीच वापरावी. पंधरा वर्षांखालील मुलाला दंड करताच येत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. पगाराची पावती मागण्याचा हक्क आहे.

पैसे कमी मिळाले असतील तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. महत्त्वाचे म्हणजे "मी पैसे दिले" हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्याच्यावर ती जबाबदारी येते. जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार कार्यालय आहे. महिलांना, कामगारांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे.

कायद्याच्या आणि पवित्र शास्त्राच्या गोष्टी किती जवळजवळ आहेत पाहा. निम्मे वेतन वसुलीबाहेर ठेवणे ही जात्याच्या तळीचीच आज्ञा आहे. बाजू ऐकून घेणे ही फाडलेल्या मेंढराचा पुरावा पाहण्याचीच आज्ञा आहे. म्हणून हक्क मागणे म्हणजे भांडखोरपणा, आणि ख्रिस्ती माणसाने सोसत राहावे, असे कोणी समजू नये. स्वतःवरचा अन्याय क्षमा करता येतो. पण ज्या मजुरीवर लेकरांचे पोट आहे, ती सोडून देण्याचा अधिकार आपल्या एकट्याचा नसतो.

आपणही कोणाचे तरी मालक आहोत

हा लेख वाचताना आपण मनात दुसऱ्याच कोणाला तरी पाहत असू. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी धुणे-भांडी करणारी बाई येते. काहींचे दुकान आहे, काहींची चार एकर शेती आहे आणि खुरपणीला बायका लागतात. बाईच्या हातून कप फुटला, ती दोन दिवस आली नाही, खुरपणीला अर्धा तास उशीर झाला, तेव्हा आपण काय करतो? आणि कापतो तेव्हा तिला विचारून, सांगून कापतो, की पैसे हातात ठेवतानाच कमी ठेवतो?

ख्रिस्तसभेच्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. शाळा, वसतिगृह, दवाखाना चालवणाऱ्यांनी देशाचे कामगार कायदे काटेकोर पाळावेत आणि कामगारांना न्याय्य मजुरी द्यावी, असे आपल्याच धर्मकायद्याचे कलम १२८६ सांगते. "देवाचे काम आहे, थोडे सोसा" असे म्हणून कोणाचा पगार कमी करता येत नाही. शेजाऱ्याकडून फुकट काम करवून घर बांधणाऱ्याला यिर्मयाने धिक्कारले आहे (यिर्मया २२:१३), आणि ते घर देवाच्या नावाचे असले म्हणून त्याला सूट दिलेली नाही. मिशनच्या कोणत्याही कामगाराला आपल्या पगाराविषयी प्रश्न असेल तर त्याने निःसंकोच विचारावा. हिशेब दाखवणे हे आमचे कर्तव्य आहे.

शेवटी पापनिवेदनाविषयी. मजुराची मजुरी बुडवणे हे स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांपैकी एक आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे (धर्मशिक्षण ग्रंथ, १८६७). नव्या करारातील याकोबाच्या पत्रात (५:४) ज्यांची अडवलेली मजुरी ओरडते ते लोक कोण आहेत? शेते कापणारे. आपल्या फडातलीच माणसे. अशा पापाची क्षमा मागताना फक्त "मी चुकलो" म्हणणे पुरेसे नसते. घेतलेले परत द्यावे लागते. जक्कय प्रभूला भेटला तेव्हा त्याने आनंद व्यक्त केला आणि लगेच चौपट परत करण्याचे वचन दिले (लूक १९:८). चौपट जमत नसेल तर निदान मूळ रक्कम तरी द्यावी. माणूस गाव सोडून गेला असेल तर त्याच्या घरच्यांकडे द्यावी.

या आठवड्यात प्रत्येक घरात एवढे करा. ज्याच्याकडून आपले येणे आहे आणि ज्याला आपले देणे आहे, अशी दोन्ही नावे एका कागदावर लिहा. येणे असेल तर हिशेब मागा. देणे असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी द्या. पुढच्या रविवारी अर्पणाच्या वेळी पेटीत पैसे टाकताना ते खरोखर आपले आहेत याची खात्री आपल्याला असावी.

नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढलेला, स्वतःच्या हातांनी काम केलेला प्रभू येशू आपल्या सर्वांच्या श्रमांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू